डाव्या पेटीचे सहा आठवडे

"कापा ना याद्विगाबाई! आज सुरी तुमच्याच हातात शोभते," प्राध्यापक स्किरमांतास म्हणाले आणि अख्ख्या प्रयोगशाळेने टाळ्या पिटल्या.

टेबलावर काट्याकाट्यांचा, झाडासारखा उभा शाकोतिस केक. कौनास शहरात लग्न असो की बारसं, तो हवाच. आज निमित्त होतं काचेच्या बारा तुकड्यांचं! त्यांच्यावर पेरोव्हस्काइटचा केसाहूनही पातळ काळा थर. उन्हातून वीज काढण्यात पटाईत, पण नाजूक इतका, की सततच्या उजेडात लवकरच मान टाकणार. डॉक्टरेट करणाऱ्या मिग्लेने थराच्या द्रावणात स्वतः बनवलेली चिमूटभर पूड घातली होती. पुडीने थराच्या दाण्यांमधल्या फटी बुजतात, वीज जास्त मिळते, हे पहिल्याच दिवशी दिसलं. टिकाऊपणा मात्र दिव्याखाली सलग हजार तास ठेवूनच कळतो. दिवा आणि पंखा बसवलेल्या दोन पेट्या: पुडीचे सहा तुकडे डावीत, बिनपुडीचे सहा उजवीत. सहा आठवड्यांनी उजवीकडचे पार संपले, आणि डावीकडचे टुणटुणीत!

"पुढच्या महिन्यात संमेलनात पहिल्याच दिवशी बोलायचंय मला," मिग्ले उड्या मारायचीच बाकी होती. "आभारात सगळ्यात वर याद्विगाबाई. सहा आठवडे मापं घेतली, एकदाही चुकल्या नाहीत!"

"मला तर बायको सहा आठवडे सांभाळता आली नाही," यंत्रं दुरुस्त करणारा अल्गिस कोपऱ्यातून म्हणाला. केवढा हशा पिकला!

प्रयोगशाळेतल्या जुन्या मदतनीस याद्विगाबाई हसल्या नाहीत. सकाळीच मिग्लेने भाषणाची तालीम केली होती. त्यात ती सहज म्हणाली, "हा थर दोन दिवस अंधारात राहिला की आपोआप सावरतो. म्हणून दिवा क्षणभरही बंद करायचा नाही." ऐकलं आणि बाई मनातल्या मनात शुक्रवार मोजू लागल्या.

डाव्या पेटीचा पंखा अडखळायचा, जळकट वास यायचा. पहिल्या शुक्रवारी घरी निघताना बाईंनी तिचा दिवा बंद केला, सोमवारी कुणी यायच्या आत लावला. शनिवार-रविवारी इमारतीत कुणी नसताना आग लागली म्हणजे? चौतीस वर्षं हीच सवय, शेवटी निघेल त्याने बघून निघायचं. सांगणारच होत्या. पण मिग्ले हसत आली, "चाललंय ना सगळं?" आणि तोंडातून निघून गेलं, "हो गं बाळ." मग दुसरा शुक्रवार. मग सहावा. काचच ती, तिला काय रविवार कळतोय! वहीत दर वेळी लिहिलं, 'दिवा अखंड.'

बाईंनी सुरी खाली ठेवली.

"डावी पेटी दर शनिवार-रविवार बंद होती. मी बंद करत होते."

"आज विनोद करायचा माझा नंबर बाईंनी चोरला," अल्गिस म्हणाला. कुणीच हसलं नाही.

"उजवी?" सरांनी विचारलं.

"चालू. वास डावीलाच यायचा."

मिग्लेचा चेहरा पांढराफटक. "वहीत 'अखंड' लिहिलंय तुम्ही."

"लिहिलंय."

"सहाही वेळा?"

"सहाही." बाईंना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. कान तापले, त्या एप्रनच्या बटणाशी चाळा करत राहिल्या. "पंखा बिघडलाय म्हटलं असतं तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. तू किती खूश होतीस..."

"आता कशी दिसते मी?" मिग्ले म्हणाली आणि बाहेर गेली. केक तसाच राहिला.

संमेलनातलं मिग्लेचं नाव त्याच दुपारी मागे घेतलं गेलं. सरांनी बाईंना कामावरून काढलं नाही, ओरडलेही नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पेट्यांची जबाबदारी तेवढी अल्गिसकडे गेली. बाईंकडे उरलं काचा धुणं.

सोमवारी चोवीस नव्या काचा आल्या. बाईंनी एकेक काच कडेने धरून साबणाने, पाण्याने, मग स्पिरिटने धुतली, वाळवली आणि मिग्लेसमोर ट्रे ठेवला. चार वर्षांत मिग्लेने बाईंच्या हातची काच कधी तपासली नव्हती. आज तिने चिमटा उचलला. पहिली काच खिडकीच्या उजेडात धरली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली. मग दुसरी.

"बसा तुम्ही," ती वर न बघता म्हणाली.

"नको, राहू दे," बाई म्हणाल्या, आणि चोविसावी काच पाहून होईपर्यंत हात बाजूला सोडून उभ्या राहिल्या.