ओठांवर बोट ठेवलेली बाई

"ही बाई नक्की कोणाला गप्प करतेय?"

शाळेतल्या बडबड्या टकळीनं वाचनालयाच्या बाईंना हे विचारलं, कारण मैत्रिणींनी तशी पैज लावली होती. इथं बोलायला बंदी ना! मैत्रिणी कपाटाआड तोंड दाबून हसत होत्या. बाई मात्र रागावल्या नाहीत. "विचार की तिलाच," म्हणाल्या.

ती म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुनं पोस्टर आहे. पण माझ्यावर बाईचं चित्र आहे, म्हणून मी स्वतःला बाईच समजते.

माझा जन्म युद्धातला. सैन्याच्या हालचालींबद्दल लोकांनी रस्त्यात बोलू नये, असं सांगणारं चित्र काढायचा हुकूम चित्रकाराला आला. त्यानं धाकट्या बहिणीला ओठांवर बोट ठेवून खिडकीत बसवलं. ती पडली बडबडी.

"दादा, आता बोलू?"

"नाक होऊ दे."

"मग नाक लहान काढ ना, लवकर होईल."

तिचं ते दाबलेलं हसू माझ्या डोळ्यांत उतरलं. दादानं डोळे अगदी समोर बघणारे काढले. त्यामुळे तुम्ही कुठंही उभे राहा, मी तुमच्याकडेच बघते. खाली ठळक अक्षरं होती : 'तुमचं बोलणं शत्रू ऐकतोय.'

माझ्या हजारो प्रती निघाल्या. स्टेशनात, गिरणीच्या फाटकावर, पावाच्या दुकानाशी मी चिकटले. मला बघून लोकांचे आवाज खाली येत. हुकूम देणाऱ्या साहेबांनी चित्रकाराची पाठ थोपटली. पण त्याच दुकानाशी एक आई रांगेतल्या बाईला विचारणार होती, "माझ्या मुलाच्या तुकडीचं काही कळलं का?" तिची नजर माझ्यावर पडली आणि तिनं प्रश्न गिळला.

युद्ध संपलं. माझ्या बहिणी, म्हणजे बाकीच्या प्रती, ट्रंकांच्या तळाशी अंथरल्या गेल्या. मला या शाळेच्या हेडमास्तरांनी उचललं, खालची ओळ मागे दुमडली आणि काचेच्या फ्रेममध्ये घालून वाचनालयात टांगलं. फुकटात शांतता! तेव्हापासून मी पोरांना गप्प करतेय. काचेवर धूळ बसली, एका कोपऱ्याला ओल लागली, तरी कोणी मला पुसलं नाही.

बाईंनी त्या दिवशी फ्रेम उघडून टकळीला दुमडलेली ओळ दाखवली. टकळी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, तिनं खाली बसूनही बघितलं. "म्हणजे जो बघेल त्याला गप्प करते ही," ती हळूच म्हणाली. "बाई, चित्र गप्प करतं, तर बोलतंही करेल ना?"

"करेल की. शीक काढायला."

"शिकायचंच आहे हो. पण बाबांनी माझे विषय ठरवून टाकलेत."

"शाळेत हिच्या तोंडाचा पट्टा आणि घरी मिठाची गुळणी," कपाटाआडून आवाज आला.

पुढच्या वर्षीचे विषय शनिवारच्या पालकसभेत पक्के व्हायचे होते.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं चित्र सापडलं तर फाडू नका, पुसून जपून ठेवा. पण त्याचं ऐकण्याआधी, ते आपल्याला काय करायला लावतंय, हेही बघा.

शनिवारी सभा इथंच भरली. माझी काच लख्ख होती, टकळीनंच पुसली होती. आईबाबांना घेऊन ती मुद्दाम माझ्याखाली बसली. तिनं घसा खाकरला.

"हळू," बाबा माझ्याकडे बोट दाखवून पुटपुटले. "ती बघ काय सांगतेय."

टकळीनं वर बघितलं. बोट ओठांवर होतंच, पण डोळे हसत होते. ते तर पहिल्यापासूनच हसतायत.

"आई, बाबा," ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "पुढच्या वर्षी मी चित्रकला घेणार आहे. माझं ठरलंय."