एका शब्दाची दुरुस्ती

आगनेटा मावशीने बोलावणे धाडले, तेव्हाच मी ओळखले की वहीबद्दल असणार. कित्येक वर्षे मी या बोलावण्याला भीत होतो.

सरकारला देवधर्म खपत नसे; बायबलातले छापील शुभवर्तमान घरात सापडले तर तुरुंग, असा तो काळ. किरगीझ डोंगरांतल्या आमच्या गावातली जर्मन कुटुंबे ते हाताने उतरवून घेत. माझे अक्षर बरे, म्हणून एकोणिसाव्या वर्षी मावशीची वही मी लिहिली आणि तिच्यात एक शब्द बदलला. समोरच्या प्रतीत होते की विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन मिळाले आहे. मला वाटले, उतरवणारा चुकला असेल. शेतात बटाटे काढणाऱ्या माणसाला ते आधीच कसे मिळालेले असेल? मी लिहिले, 'मिळेल'.

पुढे छापील पुस्तके आली, तेव्हा माझीच चूक कळली. पण सांगायला जीभ रेटेना. मावशीला वही पाठ होती. प्रार्थनाघरात कुणी ते वाक्य बरोबर वाचले की ती पुटपुटायची, "हल्लीच्या पोरांना धड वाचताही येत नाही."

दारात तिची किरगीझ शेजारीण बुरुल सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. गावातले बहुतेक जर्मन परदेशी निघून गेले, तेव्हापासून मावशीचे तीच बघते.

"या मास्तर! म्हातारी सकाळपासून तीनदा मरायला निघाली. तुमच्यासाठी थांबलीय."

"ऐकू येतंय मला," आतून आवाज आला. "मरतेय, बहिरी नाही झाले."

पलंगाजवळ खुंटीला कापडी पिशवी होती. लांबच्या प्रवासाला निघताना आम्ही पाव कडक भाजून अशा पिशवीत भरतो.

"अरे नेल्या," मावशी मला म्हणाली, "मिळेल म्हणतात. पण कधी रे? मेल्यामेल्या, का शेवटच्या दिवशी? आणि तोवर बाहेर ताटकळायला लागलं तर? म्हणून दर हिवाळ्यात पिशवी भरते." ती हसली, पण बोटे वहीवर घट्ट आवळलेली होती. "मला भीती वाटते."

मी खाली बघून बोललो, "मावशी, 'मिळेल' हा शब्द माझा आहे. मूळचा नाही."

बियांचा आवाज थांबला. मी खिशातले छापील पुस्तक काढून ते वाक्य वाचले.

"पुन्हा वाच."

मी वाचले. तिसऱ्यांदाही वाचले.

"म्हणजे माझा हाइनरिक गेला त्या हिवाळ्यातही माझ्याकडे होतं?"

"हो."

"वीटभट्टीवर सक्तीनं राबत होते तेव्हाही?"

"हो, मावशी."

तिने हात वर धरले आणि उलटसुलट करून पाहिले, जणू ते आत्ताच कुणी तिला दिले होते. खिडकीतून डोंगरावरच्या बर्फाचा उजेड त्या हातांवर पडला होता. सगळे आयुष्य मी ते डोंगर पाहिलेत, पण त्या क्षणी मान वर करायचे मला धैर्य झाले नाही. त्या खोलीत काहीतरी फार मोठे येऊन बसले होते. खरे तर ते केव्हाचेच तिथे होते, मलाच ते दिसले नव्हते.

"नेल्या, तू गाढव आहेस."

"हो."

"पेन काढ. दुरुस्त कर."

मी 'मिळेल' खोडून वर 'मिळाले आहे' लिहिले. तिने त्या ओल्या शब्दावर बोट ठेवले. शाई बोटाला लागली, ती तिने पुसली नाही.

"बुरुल, पिशवी काढ खाली. चहा टाक. पोचलेल्या माणसाला शिदोरी कशाला?"

"आणि सकाळपासून मला म्हणत होतीस, हात लावू नकोस!" बुरुल म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मावशीने पिशवीतला पाव चहात बुडवून चोखला. "खा की रे. तुझ्याकडेही आहे ना?"

सत्तावन्न वर्षांपूर्वी याच प्रश्नाला घाबरून मी तो शब्द बदलला होता. आताही ओठांवर 'मिळेल' आलेच. शाई लागलेले तिचे बोट माझ्याकडे रोखलेले होते.

"आहे," मी म्हणालो, आणि पाव उचलला.