डाव्या हाताचा अंगठा

डब्याचं झाकण थाळीवर खणकन पडलं. बालाघाटच्या लेबर ऑफिसात भरपाई मागून आम्ही नुकतेच परतलो होतो. शीलाचे बाबा एका हातानं डबा उघडू पाहत होते. मी उठले नाही. उठले असते तर त्यांना जास्त लागलं असतं.

चौऱ्यांशी सालच्या धानाच्या हंगामात राइस मिलमधल्या मशीनच्या फिरत्या पट्ट्यात त्यांचा डावा हात कोपरापर्यंत गेला. पट्ट्यावर लोखंडी जाळी पाहिजे, असा कायदा आहे. जाळी मिलमध्ये होतीही. इन्स्पेक्टर यायचा असला की हेच ती तारेनं बांधायचे, तो गेला की हेच सोडायचे. जाळी असली की पट्टा साफ करायला वेळ लागतो, अन् मुनीम ओरडतो.

नावांचंही तसंच. कोणी पक्का मजूर ठरू नये म्हणून मुनीम हजेरीत खोटी नावं लिहायचा, अन् तीही दर तीन महिन्यांनी बदलायचा. यांचं खरं नाव टिकाराम, पण रजिस्टरात हे आधी दशरथ होते, मग महागू झाले. आम्ही हसायचो.

"काहो महागू, जेवता का?"

"हौ, वाढ न वं महागूची बायको!"

आज लेबर ऑफिसात साहेबांपुढे मुनीम दुलीचंद हात जोडून म्हणाला, "साहब, टिकाराम नाम का आदमी हमारे यहाँ कभी था ही नहीं. रजिस्टर देख लो."

"महागू म्हंजे हेच जी!" मी म्हटलं. "नाव मुनीमजीनं देल्लं, पण अंगठा तं यांचाच हाय. लावून पाहा."

"साक्षीदार आहे कोणी?" साहेबांनी विचारलं.

यांना मिलमधून उचलून आणणारा भैयालाल आलाच नव्हता. त्याचीही हजेरी दुसऱ्याच नावावर आहे.

साहेबांनी शाईची डबी पुढे सरकवली. "रजिस्टरात कोणत्या हाताचा अंगठा आहे?"

"बाएँ हाथ का, साहब," मुनीम हळूच म्हणाला.

हे आपल्या रिकाम्या बाहीकडे पाहत राहिले. साहेबांनी डबी बंद केली.

माझी सहा वर्षांची शीला तेव्हा माझा पदर धरून उभी होती. आता तिनं झाकण उचलून बाजूला ठेवलं, डबा बाबांपुढे सरकवला अन् माझ्या मांडीशी येऊन बसली.

"माय, बाबा मिलमध्ये कधी नव्हताच, तं त्याचा हात तिथं काहून राह्यला?"