कुलपातलं डाटा कार्ड

मी बाबासो कांबळे, कोल्हापूर डेपोचा एसटी कंडक्टर. सव्वीस वर्षं झाली. फुकट्या पावणा गाडीत पाय ठेवतानाच वळखतो. मला गंडवणारा अजून जन्माला यायचाय. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझीच जिरलीया.

दोन हजार नऊ सालची गोष्ट. आमची दीप्ती एम.एस्सी. झाली आणि बँकेच्या भरतीला बसते म्हणाली. फॉर्म नेटवरच भरायचा. म्हणून घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला डाटा कार्ड घेतलं. खिडकीपाशी धरलं की रेंज यायची. महिन्याला एक जीबी, संपलं की बंद. जोडलं की पडद्यावर चौकट यायची आणि किती एमबी गेले ते दिसायचं.

पोरगी म्हणायची, "आज दहा वापरले." चौकटीत सत्तर गेल्यालं. मग साठ जातात कुठं? डेपोत हंबीरराव ड्रायव्हरला सांगितलं, तर तो म्हणाला, "पोरीच्या हातात नेट दिलंस? एक दिवस जावईच आणून उभा करंल बघ!" तो हसला आणि चहा प्यायला गेला. माझ्या डोक्यात मात्र किडा शिरला.

मी वही केली. ड्युटीला जाताना कार्ड जोडायचं, आकडा लिहायचा. आल्यावर पुन्हा तेच. नुसतं लिहून भागंना, म्हणून पंधरा-वीस मिनिटं खुर्ची अडवून बसायचो, आकडा हलतोय का बघत. हलायचा की! मी कशाला हात लावत नव्हतो, तरी हलायचा.

शेवटी बारा तारखेला जेवताना विचारलंच, "कोण हाय त्यो?"

"कोण?" दीप्ती म्हणाली.

"रोज साठ एमबी ज्याच्यावर घालतीस त्यो."

तिनं ताटातनं हात काढला. डोळं भरलं पोरीचं. आमची मालकीण शालूबाई भडकली, "अवो, जनाची न्हाय तर मनाची तरी ठेवा! लेक हाय ती, बिनतिकिटाचा पॅसेंजर न्हवं." मी ऐकतोय व्हय? कार्ड कपाटात टाकलं, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

"पप्पा, फॉर्मची शेवटची तारीख वीस हाय," दीप्ती म्हणाली.

"वीसला मी रजा काढतो. शेजारी बसतो. माझ्यासमोर भर."

ती ताट उचलून आत गेली. मी कुलपातलं कार्ड रोज दोनदा काढून बघतच होतो, आणि आकडा वाढतच होता. म्हटलं, पोरीनं आत कायतरी लावून ठेवलंय. संशय पक्काच झाला.

वीसला सकाळी दोन खुर्च्या मांडल्या, कार्ड जोडलं. पॅक संपल्याचा मेसेज आला. कुलूप शाबूत, किल्ली माझ्या कमरेला. वर्षभर राबल्याली पोर, आणि तिचा फॉर्म राहणार! गडबडीत मी वही तिच्यापुढं टाकली, बघ म्हटलं कुठं गेलं ते. तिनं ती पयल्यांदाच बघितली. सावकाश पानं उलटली.

"बारा तारखेपासनं मी कार्डाला शिवले न्हाय, तरी रोज सकाळी तीस आणि संध्याकाळी पस्तीस. पप्पा, नेट जोडलं की अँटीव्हायरस आपलं आपणच नवं उतरवून घेतंय. ते पुरं व्हायच्या आत तुम्ही कार्ड काढताय. मग पुढच्या वेळी पुन्हा पयल्यापासनं. आधीचे साठबी त्यातच जायचे. आणि उरलेला सगळा डाटा तुम्हीच संपवलाय, चेकिंग करून."

मी पायात चपला सरकवल्या. "चल, कॅफेत जाऊ. आत्ताच्या आत्ता भरू."

"फॉर्म मी सतरालाच भरलाय. अक्षताच्या घरी."

अक्षता तिची मैत्रीण. जीव भांड्यात पडला आणि रागबी आला. "मग सांगायला काय झालंतं? आता हॉल तिकीट पोस्टानं येईल, दुपारी घरात कोण असतंय?"

"इथं येणार न्हाय. पत्ता अक्षताचा घातलाय."

"स्वतःचं घर असताना?"

"इथं आलं असतं तर तुम्ही फोडलं असतं," ती म्हणाली, आणि वही माझ्या हातात दिली.

शालूबाई माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. तेवीस वर्षांत लेकीनं माझ्यापासनं कायबी लपवलं न्हवतं. हे पयलं. न्हाय कसं म्हणू? फोडलंच असतं की मी.