नाकाखालचं बोट

"नाकाखाली बोट धरा. श्वास लागतो का? तिथंच लक्ष ठेवायचं," विजयाबाई म्हणाल्या आणि चौथीचा वर्ग डोळे मिटून बसला. एकच जागा रिकामी होती, दीपिकाची.

पालघरच्या प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं होतं, रोज ध्यान घ्या, मुलांची बुद्धी वाढेल. बाईंनी तेव्हा मनातल्या मनात हात जोडले होते. शिरगावहून बोईसरपलीकडच्या या पाड्यावर धडपडत यायचं, ते काय पोरांना डोळे मिटायला सांगायला? पण दीपिकाने त्यांना खोटं पाडलं. एका ओळीवर न टिकणारी, वर्गातून खारीसारखी सटकणारी ही पोर दिवाळीआधी अख्खा धडा न अडखळता वाचू लागली. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिच्या आईला, नवसीला, शाळेत बोलावून तो ऐकवला.

आता दिवाळी सरली होती. मधल्या सुट्टीत बाई नवसीच्या झोपडीवर गेल्या, तर दारात वीटभट्टीकडे निघालेला टेम्पो उभा. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढत होत्या.

"नवसी, दीपिकाला आजीपाशी ठेव गं. गेल्या वर्षी ठेवलीस ना?"

"गेल्या साली ती पळायची, बाई. तिच्यापाशी तान्ह्याला टाकायचा धीर नाय झाला. पाठीला बांधून विटा थापल्या मी." नवसीने गोधडी आवळून बांधली. "आता तो रांगतो. पन दीपिका सुदरली. तुमी शिकवलंत ना तिला बसाया. दिसभर त्याच्यापाशी बसते, हलत नाय."

"अगं, पण तिचं वाचन..."

"आल्यावर वाचील ना. तुमचे लय उपकार हायेत, बाई."

नवसीच्या बोलण्यात खोट नव्हती, तेच बाईंना सोसवेना. रागवावं तर कोणावर? पेटत्या भट्टीपाशी रांगतं मूल एकटं सोड, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? नवसीचा नवरा बुधा शेवटची घागर चढवून आत बसला.

टेम्पो सुरू झाला. मागे गोधड्यांवर दीपिका बसली होती. भाऊ तिच्या मांडीवर झोपला होता.

"दीपिका," बाईंनी हाक मारली.

तिने मान वर केली नाही. भावाच्या नाकाखाली तिने बोट धरलं होतं आणि तिचं सगळं लक्ष तिथंच होतं.