एकाच टेबलावरचे दोन कागद

एमिलच्या उमेदवारीवर हरकत आल्याचं पत्र मंगळवारी आलं. उमेदवार माझा भाऊ, पण पत्रात त्याच्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं. होतं ते माझ्याविरुद्ध. सह्या गोळा करणाऱ्या वेरोना कचमारिक यांनी पत्रक एकोणीस आणि वीस यांवरच्या सह्या स्वतःच्या डोळ्यांदेखत घेतलेल्या नाहीत, सबब त्या रद्द कराव्यात, असं लिहिलं होतं.

आणि ते खरं होतं.

आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मोठ्या पक्षाच्या माणसाला कारभार बघणाऱ्या कमिशनरच्या जागेसाठी उभं राहायचं तर पन्नास मतदारांच्या सह्या पुरतात. तिसऱ्या पक्षाच्या माणसाला चारशे लागतात. असं का, ते विचारायचं नाही. कायदा करणारे दोन्ही मोठ्या पक्षांचे होते, आणि त्यांचं एकमेकांशी इतकं छान पटलेलं मी दुसऱ्या कुठल्याच बाबतीत पाहिलेलं नाही. डोंगरावर तेलविहिरींच्या सांडपाण्याचे खड्डे करायला परवानगी दिली, तेव्हा मात्र पुन्हा पटलं. त्या खड्ड्यांखाली आमची वाडी आहे. एमिल उभा राहिला तो त्यासाठी.

सह्या मी गोळा केल्या. सकाळची सातची प्रार्थना झाली की सह्यांचे कागद लावलेली पाटी आणि पेन घेऊन दारोदार जायचं, दुपारी घरी येऊन जपमाळ ओढायची, पुन्हा बाहेर पडायचं. सहा आठवड्यांत चारशे बावन्न झाल्या. निवडणूक कचेरीनं त्यांतल्या एकतीस बाद केल्या, कोणी घर बदललं होतं, कोणाची नोंदच नव्हती. उरल्या चारशे एकवीस. एमिलनं त्या दिवशी दोन वेळा हिशेब करून पाहिला आणि मग मला फोन करून नुसता हसला.

चूक झाली ती ईस्टरआधीच्या एका शुक्रवारी. उपवासाच्या त्या दिवसांत दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण असतं, चारशे-पाचशे माणूस येतं. मी तिथे तीस वर्षं पिरोही उकळते. बटाट्याचं सारण भरलेल्या त्या करंज्या उकळत्या पाण्यात टाकल्या की वर येईपर्यंत नजर हलवता येत नाही. म्हणून मी पाटी केकच्या टेबलावर ठेवली आणि चुलीपाशी उभी राहिले. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं. कोणाची लॉटरीची तिकिटं, कोणाचं आजाऱ्यासाठी प्रार्थनेचं वहीपान, सगळं त्याच टेबलावर असतं. येणारा सही करतो आणि पुढे जातो. त्या संध्याकाळी अडतीस जणांनी केली. प्रत्येकानं जाताना खिडकीतून हाक मारून सांगितलं, "वेरोना, केली गं सही." आणि रात्री मी कागदाखाली लिहून दिलं, की या सगळ्या सह्या माझ्यासमोर झाल्या. छापील वाक्य होतं. खाली सही करायची एवढंच. मी ते नीट वाचलंच नाही.

अडतीस वजा केले की तीनशे त्र्याऐंशी. सतरा कमी.

पत्र घेऊन एमिल माझ्या स्वयंपाकघरात आला. कोट न काढताच बसला.

"चर्चच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून केकचं टेबल दिसतं की नाही?"

"दिसतं."

"मग झालं. तू खिडकीपाशी होतीस."

"मी चुलीपाशी होते, एमिल. खिडकीकडे पाठ होती. मधे लोणी आणायला मागच्या कोठीत पण गेले."

"कोण बघत होतं तुला?"

"तेच तर. मला कोणीच नाही, आणि कागदाकडे मीही नाही."

त्यानं पत्र माझ्यासमोर सरकवलं. "वेरोनका, ते तुला एकच प्रश्न विचारणार आहेत. उत्तर एका शब्दाचं आहे."

"शपथेवर विचारणार आहेत."

"त्यांच्या शपथेवर. देवाच्या नाही."

"हात बायबलवरच ठेवायचा असतो ना?"

तो उठून गेला. कॉफी तशीच राहिली.

बुधवारी मी आणि डॉटी साबोल वेदीवरची कापडं इस्त्री करायला बसतो. डॉटी मला शाळेपासून ओळखते. तिची सून मोठ्या पक्षाच्या कचेरीत कामाला आहे. कोणत्या मोठ्या पक्षाच्या ते मी इथे सांगत नाही. दुसऱ्या पक्षानंही हेच केलं असतं.

"माझा कागद टेबलावर नुसताच पडून होता, हे तू सांगितलंस?" मी विचारलं.

"सुनेशी सहज बोलले. मला काय माहीत ती लगेच वकिलाला फोन लावेल." डॉटीनं कापडाची घडी उलगडून पुन्हा घातली. "पण खरं सांगू, बरंच झालं. मागच्या वेळी एमिलनं अकराशे मतं खाल्ली आणि आमचा माणूस सहाशेनं पडला. तुझ्या भावाला नऊ टक्के मिळाले, आणि आपल्याला काय मिळालं? तो दुसरा नालायक."

"खड्ड्यांसाठी दोघांनीही हात वर केला होता, डॉटी."

"आमच्यानं नाइलाजानं केला."

"हात नाइलाजानं वर गेला की खड्डा लहान होतो का?"

"बघ, तू पण त्याच्यासारखीच बोलायला लागलीस. अगं, जो निवडून येणार नाही त्याला मत देऊन उपयोग काय? मत वाया."

मी इस्त्री बाजूला ठेवली. "माझ्या कागदाशेजारी तुमच्या पक्षाचाही सह्यांचा कागद होता. तो घेऊन आलीस तू. आणि तू तर सगळा वेळ केक कापत होतीस, टेबलाकडे पाठ करून. कोणी हाक मारली की मी वळायचे, तेव्हा खिडकीतून तुझीही पाठच दिसायची."

"माझ्या कागदाबद्दल कोणी विचारलंय का?" डॉटी म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आई गेली तेव्हा मी आवाज न चढवण्याचं व्रत घेतलं, त्याला एकवीस वर्षं झाली. त्या दुपारी ते मोडायला एक श्वास पुरला असता. मी कापड पुन्हा इस्त्रीखाली ओढलं आणि जळल्याचा वास येईपर्यंत इस्त्री उचलायला विसरले.

सुनावणी गुरुवारी दहाला झाली. समोर निवडणूक मंडळाचे चौघे होते, दोन एका मोठ्या पक्षाचे, दोन दुसऱ्याचे. तिसऱ्यासाठी खुर्ची नसते. अध्यक्ष म्हणून गँटनरबाई होत्या. वकील व्हिटकोम नावाचा तरुण मुलगा होता, फार सभ्य. माझी खुर्ची त्यानं स्वतः ओढून दिली.

"मिस कचमारिक, पत्रक एकोणीस आणि वीसवरच्या सह्या खोट्या आहेत असं आमचं म्हणणं नाही," तो म्हणाला.

"मग?"

"तुम्ही त्या होताना पाहिल्यात का, एवढंच."

मागे एमिल बसला होता. मी वळले नाही, पण त्याची खुर्ची करकरलेली ऐकू आली. मी त्या अडतीस नावांकडे पाहिलं. पाचवी सही म्हाताऱ्या युर्कोची. हात कापतो म्हणून त्याची सही चार ओळी व्यापते. त्याच्या विहिरीचं पाणी पिवळं झालंय, तो दुकानातून पाणी आणून त्यात सूप करतो. त्याच्याखाली त्याच्या मुलीची सही. त्याखाली माझ्या दातांच्या डॉक्टरची. एकही माणूस असा नव्हता ज्याची सही मी अंधारात ओळखली नसती.

"नाही," मी म्हणाले. "पाहिल्या नाहीत. माझी पाठ होती."

"धन्यवाद. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल खरोखर..."

"माझं संपलेलं नाही." माझा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे सगळ्यांना पुढे झुकावं लागलं. "त्याच टेबलावर, माझ्या पाटीला पाटी लावून, यांच्या पक्षाचाही कागद होता. त्याच माणसांनी त्याच पेनानं दोन्हींवर सह्या केल्या. त्या कागदावरही कोणाची नजर नव्हती. तो कागद या इमारतीत, बहुतेक इथल्याच एखाद्या कपाटात आहे, आणि त्याच्याखालीही माझ्यासारखंच खोटं वाक्य सही करून दिलेलं आहे."

व्हिटकोमनं आपल्या कागदांकडे पाहिलं. गँटनरबाई म्हणाल्या, "तो विषय आज आमच्यासमोर नाही, मिस कचमारिक."

"कधी येतो?"

"कोणी लेखी हरकत घेतली तर."

मत घेतलं. चार विरुद्ध शून्य. या चौघांचं कचेरीतलं कॉफीचं मशीन कोणतं घ्यायचं यावरून दोन वर्षं भांडण चालू आहे, ते अख्ख्या काउंटीला माहीत आहे. एमिलचं नाव काढायला त्यांना चार मिनिटं पुरली.

मी बाहेर न जाता तळमजल्यावरच्या अर्जांच्या खिडकीशी गेले आणि हरकतीचा अर्ज मागितला. मुदत दुसऱ्या दिवशी चारपर्यंत होती. तिथलंच पेन उचललं. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, दिनांक लिहिला. कारणाच्या रकान्यात केकचं टेबल, शुक्रवार, सगळं लिहिलं. खाली सही तेवढी राहिली. मग खिडकीतल्या बाईला विचारलं, "हा कागद बाद झाला तर त्यांचा उमेदवार जाईल?"

तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "त्यांच्या दोनशे दहा आहेत. लागतात पन्नास. कागदावर चाळीस असतील. काही फरक पडणार नाही."

"कोणालाच नाही?"

"सह्या गोळा करणाऱ्याला पडेल. खोटं लिहून देणं गुन्हा आहे. सरकारी वकिलाकडे प्रकरण जातं." मग ती म्हणाली, "खाली नाव डोरोथी साबोल आहे. तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"आईच्या अंत्यविधीला तिनं गाणं म्हटलं होतं," मी म्हणाले.

म्हणजे पक्षाला ओरखडाही उठणार नव्हता. चिरडली गेली असती ती साठ-पासष्ट वर्षांची एक केक कापणारी बाई. मी अर्ज दोन्ही हातांनी फाडला, आधी दोन, मग चार, मग आठ तुकडे, आणि खिडकीखालच्या टोपलीत टाकले. दया म्हणून मी तसं केलं असं कोणी समजू नये. मला ज्यांना मारायचं होतं त्यांच्यापर्यंत तो कागद पोहोचतच नव्हता.

एमिल गाडीत बसला होता. इंजिन चालू होतं.

"कबुलीजबाब पाद्रीसमोर द्यायचा असतो," तो म्हणाला. "त्या चौघांसमोर नाही."

"मी खोटं बोलायला हवं होतं असं पुन्हा म्हणालास तर मी इथून चालत घरी जाईन. सव्वासात मैल आहेत. आणि त्यानंतर तुझ्यासाठी एक सहीसुद्धा मागणार नाही."

त्यानं गाडी रस्त्यावर काढली. पुलावर आल्यावर म्हणाला, "हातानं नाव लिहिता येतं मतपत्रिकेवर. त्यासाठी अर्ज द्यावा लागतो. सह्या लागत नाहीत."

"मग दे ना. मला काय सांगतोस?"

त्यानं अर्ज दिला. उन्हाळाभर मी त्याच दारांवर पुन्हा गेले. या वेळी सही मागायची नव्हती, तर सगळ्यात खालच्या रिकाम्या ओळीवर गोल रंगवून हातानं नाव लिहायचं, हे समजावायचं होतं. लोक मान हलवायचे. युर्को तर दहा वेळा कागदावर लिहून बघायचा.

नोव्हेंबरात दोनशे शहाऐंशी जणांनी एमिल कचमारिक असं हातानं लिहिलं. टक्क्यांत दोनाच्या आसपास. डॉटीच्या पक्षाचा माणूस एकशे नव्वद मतांनी पडला.

त्या रविवारी चर्चमध्ये शेजाऱ्याला शांती द्यायची वेळ आली. आमच्याकडे हातात हात घेऊन म्हणतात, तुझ्यासोबत शांती असो. डॉटी पुढच्या बाकावरून वळली. हात पुढे केला आणि हळूच, थट्टेच्या सुरात म्हणाली, "यादीत नसूनही एमिलनं मतं खाल्लीच शेवटी."

मी तिचा हात धरला. सोडला नाही.

"यादीतून काढलंत तुम्ही," मी म्हणाले. "चार विरुद्ध शून्य. तरी दोनशे शहाऐंशी माणसांनी तुमचं छापलेलं नाव ओलांडून खाली जाऊन पेनानं दुसरं लिहिलं. ती मतं तुमच्या ताटात कधी होती, डॉटी?"

"अगं, हात दुखतोय."

"त्यांना विचारायला एकदा तरी गेलात का तुम्ही? युर्कोकडे गेलीस का? त्याचं घर तुझ्या घरापासून तिसरं आहे."

माझा आवाज चढला नव्हता, पण आजूबाजूच्या तीन बाकांवरची माणसं वळून बघत होती. पाद्री पुढची प्रार्थना सुरू करायचे थांबले होते. मला तिला शांती म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि तो शब्द काही केल्या आला नाही. शेवटी मी तिचा हात सोडला आणि गुडघे टेकले.

दुसऱ्या दिवशी सातच्या प्रार्थनेला मी पुन्हा गेले. डॉटी आपल्या नेहमीच्या जागेवर होती. त्या शब्दाची, शांतीची, वेळ आली तेव्हा डॉटी वळायच्या आत मी डोळे मिटून घेतले.