एका वाटीचा भात

मित्रांनो, तांदळाच्या पिंपात हात घातलात तर बोटांना जी गार, गुळगुळीत कड लागेल ना, ती मी. पितळेची जुनी वाटी. मी कधी कुणाच्या ताटात बसले नाही. पिंपातून तांदूळ घ्यायचे आणि गंजात, म्हणजे भाताच्या पातेल्यात, ओतायचे, एवढंच माझं काम. हे ध्यानात असू द्या, कारण पुढे त्यावरूनच सगळं बिनसलं.

भंडाऱ्याच्या एका भट्टीत मी घडले. कामठ्याच्या एका आईनं मला लेकीच्या आंदणात दिलं आणि तिच्या पेटीत बसून मी मुर्रीला, तिच्या सासरी आले. ती लेक म्हणजे देवकाबाई. घरचं धान, घरचे तांदूळ, दिवस उजाडला की पहिला प्रश्न, "किती वाट्या टाकू?" देवकाबाई अंगठ्यानं माझी कड निपटून वरचे जादा दाणे काढून घ्यायच्या. पाहुणे कितीही येवोत, भात कमी पडला नाही. "वाटी आहे की जादू!" बाया म्हणायच्या आणि देवकाबाई मला चिंचेनं घासून उन्हात पालथी घालायच्या. त्या घरात 'एक वाटी' म्हटलं की एक वाटी तांदूळ, हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. ते सगळ्यांच्या हातातच होतं.

मग देवकाबाईंना शुगर निघाली. त्यातच डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, आधी शुगर खाली आणा, मग ऑपरेशन. नात गुंजन नुकती चालायला लागली होती. देवकाबाई तिला जवळ ओढून म्हणायच्या, "हिचं तोंड मले धुरातल्यासारखं दिसते. एकडाव नीट पाहू द्या, बापा."

सून रीता त्यांना आहार सांगणाऱ्या मॅडमकडे घेऊन गेली. कडेवर गुंजन रडत होती, बाहेर रांग होती. मॅडमनी घाईघाईत सांगितलं, "कार्ब मोजायचे. जेवणाला एक वाटी भात, त्याचे चाळीस ग्रॅम धरा. गोळ्या वेळेवर."

रीतानं घरी येऊन मला पिंपातून काढलं, पदरानं पुसलं. मला किती आनंद झाला, काय सांगू! सासूसाठी वेगळं लहान गंज ठेवलं. त्यात एक वाटी, काठोकाठ, कड निपटून. मग फोनवर हिशोब: भाताचे चाळीस, वरणाचे पंधरा, कारल्याचे जवळजवळ नाहीच. आधी दोन वाट्यांचा भात खाणाऱ्या देवकाबाई ताटाकडे बघून म्हणायच्या, "एवढ्यात तर चिमणीबी उपाशी राहीन." पण कण जास्त घेत नसत.

मित्रांनो, माझ्यातले तांदूळ शिजले की माझ्यासारख्या तीन वाट्या भरतात. मॅडमनी सांगितली होती ती भाताची वाटी. मी होते तांदळाची. मला ठाऊक होतं, पण पितळेला वाचा कुठून येणार?

पुढच्या तपासणीत शुगर होती तिथंच. मुलगा ओमेश रिपोर्ट हातात घेऊन आला तोच चिडलेला.

"माय, खरं सांग. तुह्या डब्यातले मुरमुरे खाल्ले ना?"

"नाही रे."

"मग का हवेनं वर राहिली शुगर? रीता तिकडे मोजून मोजून मरून राहिली, अन् तू इकडे डब्यात हात घालून राहिली."

देवकाबाईंनी सुनेकडे पाहिलं. रीता खाली मान घालून गुंजनचं तोंड पुसत राहिली. आणि दुसऱ्या दिवशी तिनं मुरमुऱ्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

देवकाबाईंना डबा दिसला नसेल, पण रिकामी जागा हाताला लागली. त्या एवढंच म्हणाल्या, "मी चोरून कायले खाईन? माह्याच घरात चोर झाली मी?"

त्या दिवसापासून त्यांनी भात सोडला. ताट सरकवून द्यायच्या, गोळी मात्र इमानानं घ्यायच्या. घरातल्यांना वाटलं, रुसल्या आहेत, येतील ताळ्यावर. एका सकाळी नातीला हाक मारता मारता त्या चुलीपाशी घामानं भिजून कोसळल्या. माझ्यावरून हात घसरला आणि मीही घरंगळत भिंतीला जाऊन आदळले.

दवाखान्यात शुद्ध आली. तिथं मॅडमनी विचारलं, "भात किती देत होतात?"

"तुम्ही सांगितला तेवढाच. एक वाटी. मी स्वतः मोजून टाकायची," रीता म्हणाली.

"टाकायची म्हणजे? कच्चे तांदूळ?"

रीता पदर तोंडाला लावून तिथंच बाकावर बसली. मॅडमही म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं." आणि बजावलं, "गोळी चालू असताना जेवण असं बंद करायचं नसतं, शुगर एकदम खाली जाते."

ओमेश आईला घेऊन घरी आला आणि मुरमुऱ्यांचा डबा खाली काढून ठेवला. डब्याचा दोरा पथ्य लागलं तेव्हा देवकाबाईंनी बांधला होता तसाच होता, सुटलेला नव्हता. मग तो आईच्या पायाशी जाऊन बसला.

आता मी पिंपात नसते. मी ताटाशेजारी असते. माझ्यात शिजलेला भात मोजतात. शुगर हळूहळू उतरते आहे. ऑपरेशन पुढं गेलंय, पण होईल म्हणतात. माझ्या कडेला पोचा आला आहे. त्यात भात अडकतो.

पण मित्रांनो, एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. माझ्यानं तांदूळ मोजून सगळ्या गावाला जेवू घालणाऱ्या देवकाबाई आता प्रत्येक जेवणाआधी मला उचलतात आणि सुनेपुढं धरतात.

"पाह्य रीता, कड निपटली आहे. जास्त नाही ना?"

"आई, नका ना दाखवू मला," रीता रोज म्हणते. तिचे डोळे भरतात. देवकाबाईंना ते दिसत नाहीत.

तुमच्या घरी कुणी असं मोजून जेवायला लागलं, तर त्यांना विचारा, वाटी कच्च्याची की शिजलेल्याची? आणि आकडा चुकला, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी मला एकदा उचलून बघा. मला बोलता येत नाही. माझी चूक घरातल्या एका म्हातारीनं सोसली.

उद्याही ती मला पुढं धरेल. एक शीतही सांडू देणार नाही.